'दंडवत' म्हणजे नेमकं काय? नमस्काराचाच जुना शब्द आहे का?

नुसता नमस्कार नाही. दंड म्हणजे काठी आणि 'वत्' म्हणजे 'सारखा', दोन्ही संस्कृतच. हातातून सुटलेली काठी जशी सपाट जमिनीवर पडते, तसं देवापुढं पडायचं. साष्टांग हा त्याचा सख्खा भाऊ. त्यातली आठ अंगं म्हणजे छाती, डोकं, हात, पाय, गुडघे, दृष्टी, वाचा आणि मन. शेवटची तीन जमिनीला टेकत नाहीत, पण खरी गोम तिथंच आहे.

आमच्या मराठवाड्यात हा शब्द पोथीत राहिलेला नाही. नवस फेडायला तुळजापूरला गेलेली बाई ओल्या लुगड्यानं मंदिराच्या आवारात दंडवत घालते. पडते, उठते, हात पोचले होते तिथून पुन्हा पडते. शेजारी घरचं कुणीतरी तिचा पदर सावरत चालत असतं.

महानुभाव पंथाची मंडळी मात्र रोज भेटल्यावर एकमेकांना 'दंडवत प्रणाम' म्हणतात. तिथं कुणी आडवं होत नाही, हात जोडले की झालं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचा पैठणशी जवळचा संबंध, त्यामुळं आमच्याकडं हे कानावर पडतंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, आता हे बाबा रस्त्यातच लोटांगण घालतात की काय!

आणि हो, 'त्याला आपला दुरूनच दंडवत' असं कुणी म्हणालं तर आदर समजू नका. त्या माणसाच्या वाटेला जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.