सिरॉसिसमध्ये गोळ्यांनी न ओसरणारे पोटातले पाणी: पुढे काय?

म्हापशाहून आपण विचारले आहे की, गोळ्या घेऊनही सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार) असलेल्या वडिलांच्या पोटात पुन्हा पाणी भरते, तर काय करावे. मीठ तोडून, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन ४०० आणि फ्युरोसेमाइड १६० मिलिग्रॅमपर्यंत नेऊनही पाणी ओसरत नसेल, किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढल्याने तेवढी मात्रा देताच येत नसेल, तर ते सुईने काढावे लागते. ५ लिटरहून अधिक काढल्यास दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून द्यावेच, नाहीतर मूत्रपिंडांवर ताण येतो. निवडक रुग्णांना यकृतात बसवायची, तिथल्या शिरांमधला दाब कमी करणारी टिप्स ही नळी उपयोगी पडते, पण यकृत-प्रत्यारोपणाची चौकशी आत्ताच सुरू करावी, असे मी कळकळीने सांगतो. पेजेबरोबरचा खारा बांगडा आणि लोणचे बंद करावे. ताजे मासे, डाळ मात्र तोडू नये. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी देऊ नये. ताप, पोटदुखी किंवा गुंगी आल्यास त्याच दिवशी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्यावे.