छोटं विमान वळवताना: वाचकांचे प्रश्न

रडर दाबलं की विमान वळायला हवं ना? मग ते कलवायचं कशाला?

रडरने, म्हणजे शेपटीवरच्या पायांनी हलवायच्या उभ्या पात्याने, फक्त नाक फिरतं. विमान बराच वेळ जुन्याच दिशेने तिरकं सरकत राहतं. वळवायला बाजूने ओढणारं बल लागतं आणि ते पंखांकडे असतं. विमान डावीकडे कललं की लिफ्टही (पंखांचं उचलणारं बल) डावीकडे कलते, तिचा आडवा भाग विमानाला वळणाच्या आत खेचतो. वजन पेलणारा उभा भाग मात्र तेवढा कमी होतो, म्हणून योक, म्हणजे हातातलं सुकाणू, थोडा मागे घ्यायचा. 90 नॉट वेगाला 30 अंश बँकमध्ये (बँक म्हणजे विमान कलण्याचा कोन) वळणाची त्रिज्या साधारण 380 मीटर येते, 45 अंशांत 220.

योक डावीकडे फिरवला की नाक क्षणभर उजवीकडे का जातं?

उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) खाली जातं, त्या पंखाची लिफ्ट वाढते, पण ड्रॅगही (हवेचा विरोध) वाढतो आणि तो पंख मागे ओढला जातो. म्हणून योकबरोबरच डावा पाय. किती दाबायचा ते वक्र काचनळीतला काळा बॉल सांगतो: तो ज्या बाजूला गेला, त्या बाजूचा पाय. बँक स्थिर झाली की एलेरॉन मध्यावर येतं, तेव्हा पायही सैल सोडा. नवशिके नेमकं हेच विसरतात.

ठरलेल्या दिशेवर सरळ व्हायला सुरुवात कधी करायची?

बँकच्या निम्मे अंश आधी. 30 अंश बँक असेल तर 15 अंश.

45 अंशांत सीटवर दाबल्यासारखं का होतं?

पंखांवर वजनाच्या 1.41 पट भार येतो, 60 किलोच्या माणसाला आपण 85 किलोचे झाल्यासारखं वाटतं. 30 अंशांत हा भार 1.15 पट, 60 अंशांत दुप्पट. स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख पुरेशी लिफ्ट देऊ शकत नाहीत तो) भाराच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो: सरळ उडताना 50 नॉट असेल, तर 45 अंशांत 59 आणि 60 अंशांत 71.

बेसवरून (उतरण्याआधीचा धावपट्टीला आडवा टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, तर रडरने नाक आत घ्यावं का?

कधीच नाही. जमीन जवळ म्हणून बँक वाढवायची भीती वाटते आणि आतला पाय आपोआप दाबला जातो. बाहेरचा पंख वेग घेतो, बँक वाढते. ती रोखायला योक उलटा फिरवला की आतल्या पंखाचं एलेरॉन खाली जाऊन त्याचा आक्रमण-कोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) आणखी वाढतो. नाक खाली जातं म्हणून योक मागे ओढला जातो. मग आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान उलटून स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली कोसळतं. सेसना 172 मध्ये एक फेरी आणि सावरणं धरून सुमारे 1000 फूट लागतात. फायनलच्या वळणावर उंची जेमतेम 500 असते. बँक 30 अंशांवर थांबवा, बॉल मध्यावर ठेवा. तेवढ्याने रेषा मिळत नसेल तर पंख सरळ करा, पूर्ण पॉवर द्या आणि गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा.