वाचकांचे प्रश्न : काळ्या बंपरला गाडीचा रंग

प्रश्न : मी घेतलेल्या जुन्या गाडीचे दोन्ही बंपर काळ्या, खरखरीत प्लास्टिकचे होते. गेल्या मे महिन्यात ते गाडीच्याच सिल्व्हर रंगात रंगवून घेतले. पावसाळ्यात प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना पुढच्या बंपरवरील रंगाचे पापुद्रे निघाले आणि जो रंग उरला तो बॉनेटपेक्षा फिकट दिसतो. प्लास्टिक रंग धरतच नाही, असे पेंटरचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? पुन्हा रंगवायचे झाल्यास काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, पाचोरा (जि. जळगाव)

उत्तर : पेंटरचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बंपर काढून त्याची आतली बाजू पाहिल्यास पीपी, ईपीडीएम, टी२० अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे बहुधा कोरलेली आढळतील. म्हणजे हे पॉलिप्रॉपिलीन असून धक्का सोसण्यासाठी त्यात रबर आणि ताठरपणासाठी २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेले आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागावर द्रव पदार्थ नीट पसरत नाहीत. स्वच्छ धुतलेल्या उघड्या प्लास्टिकवर पाणी शिंपडून पाहा, ते पसरण्याऐवजी थेंब धरून राहते. रंगाचेही तेच होते. पत्र्यासाठीचा नेहमीचा प्राइमर त्यावर सरळ मारला, तर तो सुकतो, चकचकीत दिसतो, परंतु खाली त्याची पकड बसलेली नसते. मग एखादा दगड लागून कड उघडी पडली की प्रेशरचे पाणी त्या कडेतून आत शिरते आणि सगळा थर उचलते. आपल्या बंपरचे असेच झाले असावे.

यावर उपाय म्हणजे प्लास्टिक प्राइमर, ज्याला अ‍ॅडहीजन प्रमोटर (पकड वाढवणारा थर) असेही म्हणतात. तो उघड्या प्लास्टिकवरच, पातळ आणि एकसारखा मारायचा असतो. जाड थर दिल्याने पकड वाढत नाही, उलट कमी होऊ शकते. कारखान्यात बंपरवरून ज्योत फिरवून पृष्ठभाग रंगासाठी तयार करण्याची पद्धत आहे, पण गॅरेजमध्ये कोणी बर्नर हातात घेत असेल तर त्याला थांबवावे, कारण त्या कामाला लागणारे नियंत्रण तेथे नसते आणि बंपर वाकडा होतो.

आता आपल्या बंपरविषयी. पकड सुटलेल्या रंगावर नवा हात मारणे म्हणजे पुन्हा पैसे वाया घालवणे होय, म्हणून जुना रंग पूर्ण काढून घ्यावा. तो काढण्यासाठी बंपर थिनरमध्ये भिजवू देऊ नये; थिनर प्लास्टिकमधील रबरात शिरतो, ते फुगते आणि पुढे नव्या रंगाखालून त्रास देते. आधी साबणाच्या पाण्याने, मग ग्रीस व सिलिकॉन काढणाऱ्या क्लीनरने पुसावे. डॅशबोर्ड आणि काळे प्लास्टिक चमकवण्यासाठी आपण जे पॉलिश वापरतो त्यात बहुधा सिलिकॉन असते आणि त्याचा अंश राहिला, तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. हे पुसणे घासण्याच्या आधीच झाले पाहिजे, नाहीतर तोच तेलकटपणा पॉलिश पेपर प्लास्टिकमध्ये खोल दाबतो.

खरखरीत पोत घासून गुळगुळीत करण्याचा हट्ट धरू नये, कारण पॉलिप्रॉपिलीन घासताना त्यावर बारीक लव उभी राहते. हलके घासून प्लास्टिक प्राइमर द्यावा, त्यावर लवचिकपणाचे मिश्रण घातलेला जाड भरणारा सरफेसर दोन-तीन हात द्यावा आणि सुकल्यावर तो वॉटर पेपरने घासावा. इतका खटाटोप नको असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा, प्राइमर मारून येणारा बंपर मिळतो का ते पाहावे. मला हाच मार्ग अधिक समंजस वाटतो.

रंग फिकट दिसण्याचे कारण आपल्याकडच्या उन्हात आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा जलद उडणारा थिनर घातलेला रंग बंपरला लागण्यापूर्वीच अर्धा सुकतो. सिल्व्हर रंगातील अ‍ॅल्युमिनियमचे कण ओल्या थरात खाली बसतात आणि रंग गडद दिसतो. कोरडा फवारा पडला की ते वरच राहतात आणि तोच रंग फिकट दिसतो. म्हणून उन्हाळ्यात काम करायचेच असेल, तर सावकाश उडणारा थिनर वापरून भल्या पहाटे करावे. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे चकाकीवर पांढुरकी झाक येण्याची भीती असते. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत बरे, मात्र जिनिंगच्या रस्त्यालगत उघड्यावर फवारणी नको. प्लास्टिकवर घासताना स्थिर वीज निर्माण होते आणि कापसाची तंतू-धूळ त्याला लगेच चिकटते.

रंगाचा कोड गाडीवरील स्टिकरवर असतो, तो पेंटरला द्यावा. परंतु जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असल्याने आधी एका पट्टीवर फवारून ती दुपारच्या प्रकाशात फेंडरशेजारी धरून पाहण्याचा आग्रह धरावा. पैसे चुकते करण्यापूर्वी, रंग पूर्ण वाळल्यावर, बंपरच्या न दिसणाऱ्या खालच्या कडेवर ब्लेडने बारीक चौकटी पाडून त्यावर टेप घट्ट दाबून झटक्याने ओढून पाहावी. टेपला रंग आला, तर काम पुन्हा करून घ्यावे. हार्डनर मिसळलेल्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते आणि नाकाला बांधलेला रुमाल त्यापासून वाचवत नाही, ही गोष्ट आपल्या पेंटरला आवर्जून सांगावी.

प्रश्न : अपघातानंतर बंपर बदलला, तेव्हा विम्यातून निम्मीच रक्कम मिळाली. हे योग्य आहे का?
– एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : होय. सर्वसाधारण पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, मग गाडी नवी असो वा जुनी. रंगकामात साहित्याच्या खर्चावरही ५० टक्के घसारा लागतो, मजुरीवर मात्र नाही. त्यामुळे बिलात रंगाचे साहित्य आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. शून्य घसाऱ्याची जोड घेतलेली असेल, तर ही कपात होत नाही.