स्कॉटलंडच्या हिवाळ्यात पहिला गाईड घेताना

तुम्ही विचारलंय की ग्लासगोला बदली झाली आहे, सह्याद्रीत सहा-सात वर्षं सुळके केलेत, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, तर फेब्रुवारीत बेन नेव्हिस या डोंगरावरची टॉवर रिज ही कातळधार चढायला एक दिवस गाईड घ्यावा का. गाईड जरूर घ्या. पण टॉवर रिजसाठी नको, आणि एका दिवसासाठीही नको.

मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात नेमकं हेच केलं होतं. रिजचं नाव सांगितलं, पैसे भरले, आणि दिवसभर दोराच्या दुसऱ्या टोकाला चढत राहिले. गाईड उत्तम होता. मी मागितलं ते त्याने दिलं. तीन आठवड्यांनी मैत्रिणीबरोबर केर्नगॉर्म डोंगरांतल्या कॉरी अन ट्रेख्दामध्ये ग्रेड १ ची, म्हणजे सर्वांत सोप्या श्रेणीची, गली (कड्यातली बर्फाची घळ) चढले. चढाई अडली नाही. अडलं ते वर पोचल्यावर. पठारावर व्हाइटआउट. आपल्याकडे नाणेघाटावर पावसाळी धुकं असतं तेव्हा निदान पायाखालचं गवत दिसतं. इथे जमीन आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगाचं होतं, आणि कड्याच्या पुढे लोंबणारा बर्फाचा कॉर्निस नेमका कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. तासाभराच्या उतरणीला चार तास लागले. आदल्या गाईडने वाऱ्याची दिशा, होकायंत्र, उतरायची वाट हे सगळं मनातल्या मनात केलं होतं. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे माझ्यापर्यंत त्यातलं काहीच आलं नव्हतं.

तुमचं दोरकाम, बिले (चढणाऱ्या जोडीदाराला दोराने सावरून धरणं), उंचीची सवय इथे नक्की उपयोगी पडेल. उणीव दुसरीकडे आहे. स्कॉटलंडमध्ये हिमनद्या नाहीत. तापमान शून्याच्या आसपास वरखाली होतं, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि वारा तो उचलून आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. तो थर खालच्या थराला नीट चिकटलेला नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तुमच्याच वजनाने तो सुटू शकतो, म्हणजे हिमप्रपात होतो. सह्याद्रीत बोल्ट ठोकला की अँकर, म्हणजे दोर अडकवायचा भक्कम आधार, झाला. इथे कधी कधी आईस अ‍ॅक्स (बर्फात वापरायची कुऱ्हाड) आडवी पुरून तिच्यावर जोडीदाराला बिले द्यावा लागतो, आणि तो बर्फ ते वजन धरेल की नाही हे हाताने चाचपून ठरवावं लागतं. गाईडकडून शिकायचं ते हे.

गाईडची पात्रता आधी पाहा. विंटर माउंटन लीडर आईस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे), हिमप्रपाताचा अंदाज आणि दिशाशोधन शिकवतो. दोर बांधून मार्ग चढवणं त्याच्या कक्षेत येत नाही. ते शिकायला विंटर माउंटनिअरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर किंवा ब्रिटिश माउंटन गाईड लागतो. आधी लीडरबरोबर गटातला दोन दिवसांचा विंटर स्किल्स कोर्स करा, तो स्वस्त पडतो. बेसिक झालंय म्हणून हा टप्पा गाळू नका. मग दोराची चढाई शिकवणाऱ्या, म्हणजे वरच्या इन्स्ट्रक्टर किंवा गाईडच्या पात्रतेच्या माणसाला आणखी दोन दिवस घ्या. चढाईला तो सहसा दोघांनाच घेतो आणि दर बहुतेक वेळा दिवसाचा असतो, म्हणून दोघांत वाटून घेता येतो. ज्याच्याबरोबर पुढे चढणार आहात त्यालाच बरोबर न्या. एकट्याने शिकून आलात तर संकटात निर्णय घेणारा एकच माणूस उरतो.

गाईडला पाठवायच्या मेलमध्ये मार्गाचं नाव लिहू नका. लिहा की मार्चअखेर आम्हा दोघांना ग्रेड १-२ चा मार्ग स्वतः निवडून, चढून, अंधार पडायच्या आत परत येता आलं पाहिजे. आदल्या संध्याकाळी स्कॉटलंडच्या हिमप्रपात माहिती सेवेचा अंदाज वाचा. हंगामात सहा भागांसाठी तो रोज निघतो. त्यावरून कुठे जायचं आणि कोणत्या दिशेचे उतार टाळायचे ते तुम्ही ठरवा, गाईडला कळवा, आणि चूक कुठे आहे ते विचारा. मला हे एका दुसऱ्या गाईडने शिकवलं. गाडी लावल्यावर त्याने नकाशा माझ्या हातात दिला आणि दिवसभर माझ्या मागे चालला. दुपारी एका उताराच्या पायथ्याशी मी थांबले, तो नुसता पाहत राहिला. मी परत फिरायचं म्हटल्यावर मग तो बोलला, आणि अर्धा तास बर्फ खणून थर दाखवले. त्या दिवशी आम्ही एकही मार्ग चढलो नाही. माझ्या सगळ्या हिवाळ्यांतला तो सर्वांत मोलाचा दिवस आहे.

बूट आत्ताच विकत घेऊ नका. सह्याद्रीतले चालणार नाहीत, कडक तळव्याचे लागतात, आणि क्रॅम्पॉन त्या बुटाच्या जातीचेच हवेत. पहिल्या वेळी भाड्याने घ्या.

टॉवर रिज ग्रेड ४ ची आणि खूप लांब आहे. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम सात तास असतो, फेब्रुवारीत त्याहून जास्त, तरी तिथे माणसं अंधारात अडकतात. शिवाय ती संपते बेन नेव्हिसच्या १३४५ मीटरच्या माथ्याजवळ. धुक्यात तिथून उतरताना त्रिकोणमिती खांबापासून (माथ्यावरचा मोजणीचा खांब) नकाशाच्या उत्तरेच्या हिशेबाने २३१ अंशांवर १५० मीटर मोजून चालायचं, मग २८२ अंशांवर वळायचं. चुकलात तर एका बाजूला गार्डिलू गली, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गली, दोन्हीकडे कडा. होकायंत्रावर हे आकडे लावताना चुंबकीय फरक (नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांतला) धरायला विसरू नका. गाईडबरोबर असताना वाऱ्यात, हातमोजे घालून, पावलं मोजत असं चालण्याचा सराव करून घ्या.

तुमचा जोडीदार कोण आहे, आणि त्याने क्रॅम्पॉन कधी घातलेत का, ते कळवा. त्यावर पहिले दोन दिवस कुठे घ्यायचे ते सांगते.