सप्टेंबरमध्ये धनुष्याने हरीण: सकाळी बसावं की संध्याकाळी?

तुमचा प्रश्न असा: "विस्कॉन्सिनमधला पहिलाच हंगाम. सप्टेंबरच्या मध्यात धनुष्याने व्हाइटटेल मारायचं तर झाडावर सकाळी बसावं की संध्याकाळी? आणि उकाड्यात मांस खराब होऊ नये म्हणून बाण लागल्या लागल्या खाली उतरून माग काढावा का?"

संध्याकाळी. पहिल्या भागाचं उत्तर झालं. दुसऱ्या भागातलं ते 'लागल्या लागल्या' वाचलं आणि माझं डोकं उठलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

२०१९ ची गोष्ट. मी मॅडिसनला राहतो, शिकारीची जागा पश्चिमेला तासाभरावर, आयोवा काउंटीत. हा ड्रिफ्टलेस म्हणतात तो भाग. हिमयुगातल्या बर्फाचा रोलर इथून फिरलाच नाही, त्यामुळे डोंगरधारा आणि घळी तशाच राहिल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचं पाटण खोरं आठवलं होतं, फक्त भात-भुईमुगाच्या जागी सोयाबीन आणि अल्फाल्फा. जमीन एका म्हाताऱ्या डेअरीवाल्याची. मी सोयाबीनच्या कडेला ओकवर, आणि पलीकडच्या धारेवर माझा मित्र. हा अकोल्याचा. आम्ही दोघांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स एकत्रच केला, पण त्याच्या आधीच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला तीन-चार वेळा बरोबर नेलेलं, तेव्हा आमच्यातला तज्ज्ञ तो.

हंगाम उघडून आठवडा झाला होता. दुपारी ८२ अंश फॅरेनहाइट. झाडाला बांधून घ्यायच्या हार्नेसच्या पट्ट्याखाली शर्ट चिकटलेला, कानाशी डास. सूर्य टेकला तसे घळीतून तीन नर वर आले. सप्टेंबरात नर अजून टोळीने दिसतात, नोव्हेंबरच्या माजात एकमेकांच्या जिवावर उठणारे हेच, आता शाळा सुटल्यासारखे एकामागे एक. शिंगांवरची मखमल नुकतीच उतरलेली. शेवटचा आठ टोकांचा होता. २६ यार्डांवर थांबला, छाती किंचित माझ्याकडे वळवून.

असा उभा राहिलेल्या हरणावर बाण सोडायचा नसतो. मला ठाऊक होतं. पण उजेड जात होता.

हिशोब सांगतो, कारण तुम्ही ४० यार्डांचा सराव करताय असंही लिहिलंय. माझा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. २६ यार्ड म्हणजे ७८ फूट. दोरीचा आवाज हरणाच्या कानावर पोचल्यानंतर बाण यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. तेवढ्यात ते पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं, अंग फिरवतं. हाच प्रकार ४० यार्डांवर केलात तर त्याला आणखी वेळ मिळतो. मैदानातल्या थर्मोकोलच्या हरणाला कान नसतात. पहिल्या वर्षी २० यार्डांच्या पुढे जाऊ नका, पुढचं वाचायच्या आधीच सांगून ठेवतो.

तर तो दबला, वळला, आणि बाण जिथे जायचा त्याच्या वीतभर मागे गेला. फासळीत लागला की कडक आवाज येतो. हा आला ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दोन उड्या मारून तो थांबला. मग पाठीची कमान करून, शेपूट आत दाबून, सावकाश पावलं टाकत घळीत उतरला. बाकीचे दोघे मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

मी मित्राला मेसेज टाकला. तो वीस मिनिटांत माझ्या झाडाखाली. बाण मातीत रुतलेला, मागच्या टोकाच्या खाचेतला (नॉकचा) हिरवा दिवा अजून जळत होता. मी उचलून हुंगला.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. आमचे वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही. पण चुलत्यांच्या दारात जत्रेला बकरं पडायचं आणि वजडी धुवायला आम्हा पोरांना ओढ्यावर धाडायचे. गरम पाणी, चुना आणि तो आंबूस, रवंथाचा वास. नाकाला एकदा बसला की जन्मभर जात नाही. बाणाला तोच वास होता. पिसांवर तपकिरी-हिरवा लेप, त्यात चघळलेल्या पानांचे कण, आणि काळपट रक्त. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, फेसाळ. यकृताचं गडद. इथे यकृताची कड गेली होती आणि पोट फुटलं होतं. यात शोध घेण्यासारखं काही नव्हतं, नाकानेच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "पोटात लागलाय. सकाळी येऊ."

मित्र म्हणाला, "काऊन? एवढ्या गरमीत मटन सडून जाईन ना! चाल, इथंच कुठं तरी पडलं असंन."

आणि आम्ही निघालो. बाण सुटून चाळीस मिनिटंही झाली नव्हती. हेडलॅम्पच्या उजेडात थेंब, मग पानावर बोटभर डाग, मग काहीच नाही, मग पुन्हा थेंब. झाडापासून नव्वद पावलांवर, पडलेल्या एल्मच्या बुंध्याआड, गवत दबलेलं होतं. हात ठेवला तर गरम. मधोमध तळहाताएवढं रक्त. समोरच्या झुडपात फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि घळ उतरून पलीकडच्या धारेवर चढत जाणारी पावलं ऐकू आली. पोटात बाण लागलेलं हरीण असंच करतं: जवळच आडोसा बघून बसतं, आणि कुणी उठवलं नाही तर बहुतेक वेळा तिथेच मरतं. आम्ही उठवलं. उठलं की अंगातल्या शेवटच्या ताकदीने जातं ते अर्धा-अर्धा मैल, आणि तोवर जखमेच्या तोंडाशी आतड्याचा वेढा अडकलेला असतो, त्यामुळे रक्तही सांडत नाही.

कुंपणापाशी माग संपला. पलीकडची जमीन दुसऱ्याची, आणि जखमी जनावर असलं तरी विस्कॉन्सिनमध्ये परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. रात्री साडेनऊला कुणाचं दार वाजवायचं? दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली, दोघांनी दिवसभर पालथं घातलं, काही नाही. मंगळवारी म्हाताऱ्याचा फोन आला की शेजारच्या ओढ्यावर गिधाडं उतरलीत. मी ऑफिसातून तसाच गेलो. शिंगं सोडून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि शिंगंही मी घेतली नाहीत.

म्हातारा एवढंच म्हणाला, "मी घरी जाऊन झोपलो असतो."

आता मित्राचं म्हणणं, जे तो गेली कित्येक वर्षं दर गणपतीच्या जेवणात पंगतीला ऐकवतो, ते असं: चूक माग काढण्यात नव्हती, चूक बाणात होती. बाण नीट मारला असता तर वाद कुठून आला असता? अर्धं खरं आहे. बाण माझाच चुकला, मी त्या कोनातून सोडायलाच नको होता. पण बाण प्रत्येकाचा कधी ना कधी चुकतो, तुमचाही चुकेल. चुकल्यानंतर झाडाखाली उभं राहून काय करायचं, ते मात्र तुमच्या हातात असतं. आणि 'मटन सडेल' म्हणून जे वाचवायला धावलो तेच तीन दिवस उन्हात सडलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर फार तर एखादी मांडी टाकावी लागली असती.

दोन-तीन वर्षांनी माझ्याच हातून एका मादीच्या यकृतात लागला. बाणावर गडद रक्त, वास नाही. मित्राला कळवलंच नाही. गाडीत बसून सहा तास काढले, थर्मासमधला चहा संपवला, रात्री एक वाजता आत गेलो. ११० यार्डांवर, पहिल्यांदा जिथे बसली तिथेच, मरून पडलेली. बाहेर ५८ अंश होते. मांस उत्तम. मित्र म्हणाला, "नशीब."

तर वेळा लिहून ठेवा. गुलाबी फेस असेल तर अर्धा तास. गडद रक्त असेल तर चार ते सहा तास. हिरवं-तपकिरी आणि वास असेल तर आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळी लागला तर सरळ सकाळी. बाण सापडलाच नाही तर तो पोटात लागलाय असंच धरून चाला. मांस वाचवायची घाई करायची ती हरीण सापडल्यावर: लगेच पोट साफ करा, सप्टेंबर असेल तर त्याच रात्री कातडं काढा, आणि गाडीत दोन मोठे कूलर बर्फ भरून आधीच तयार ठेवा. लोक अंतर मोजायला पाचशे डॉलरचा रेंजफाइंडर घेतात आणि बर्फ घ्यायला परतताना पेट्रोल पंप शोधत फिरतात.

संध्याकाळच का, ते राहिलं. या दिवसांत हरणांना दोनच गोष्टी कळतात, पोट आणि सावली. दिवसभर घळीत बसतात, उन्हं कलली की चरायला निघतात, त्यामुळे वाटेवर गाठता येतात. पहाटे ती शेतातच असतात, आणि अंधारात झाडापर्यंत जाताना तुम्हीच त्यांना उधळून लावता. सोयाबीन हिरवं आहे तोवर त्याच्या कडेला बसा. पिवळं पडलं की ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, मग पांढऱ्या ओकची फळं कुठे गळतायत ते शोधा. तांबड्या ओकपेक्षा ती कमी तुरट असतात, आधी तीच खातात. आणि वाऱ्याइतकीच थंड हवेची चाल बघा. सूर्य मावळला की गार हवा पाण्यासारखी घळीत उतरते आणि तुमचा वासही घेऊन जाते. हरणं ज्या घळीतून येणार तिच्या वरच्या तोंडाशी बसलात तर डास चावून घेण्यापलीकडे काही होणार नाही.

तुम्ही एच-१बीवर आहात म्हणून बंदुकीच्या भानगडीत न पडता धनुष्य घेतलंत, ते ठीकच. फेडरल कायद्याच्या लेखी ते 'फायरआर्म' नाही. शिवाय याच राज्यात १९३४ साली देशातला धनुष्याचा पहिला आधुनिक हरीण-हंगाम झाला, सॉक आणि कोलंबिया काउंटीत, तेव्हा जागा योग्य निवडलीत. हरीण सापडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची, विसरू नका. आणि इकडच्या दक्षिणेच्या काउंट्यांत मारलंत तर सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणी करून घ्या. २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये हा रोग पहिल्यांदा इथेच, माउंट होरेबच्या आसपास सापडला. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पाहुण्यांच्या ताटात नाही.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जोरदार पाऊस येणार असेल तर माग धुऊन जातो, तेव्हा थांबण्याचा हिशोब बदलतो. अशा वेळी, किंवा रात्रभर सत्तरच्या वर पारा असेल तेव्हा, दोरीवर धरलेला माग काढणारा कुत्रा बोलवा. इथे कायद्याने चालतो, आणि हंगामाआधी एखाद्या कुत्रेवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. आणि दुसरं, त्या २०१९ च्या रात्री मित्राने मला ओढून नेलं असं वर वाचताना वाटेल. तसं नव्हतं. त्याने 'चाल' म्हणायच्या आधीच मी हेडलॅम्प डोक्याला बांधला होता.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावून चाप ओढायचं धनुष्य, घ्यावा का, असंही शेवटी विचारलंय. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पासून कुणालाही चालतो. मित्राकडे आता तोच आहे. मागच्या हंगामात त्याने एका मादीवर बाण सोडला, जरा मागे लागला, आणि रात्री नऊला मला फोन: "सकायी येतं काय रे भाऊ?"

गेलो. साडेसहाला पोचलो. हरीण कुंपणाच्या अलीकडेच पडलं होतं, फक्त एका मांडीला कोयोटी (इकडचे कोल्ह्यासारखे रानकुत्रे) लागले होते. त्या मांडीवरून यंदाच्या गणपतीत नवा वाद झाला.