सारखे येणारे पेशंट आणि नॉर्मल रिपोर्ट

कॅज्युअल्टीत नवीन आहेस म्हणून सांगते, तोच पेशंट पुन्हा छातीत दुखतंय म्हणून आला की कुणीतरी म्हणणारच "हा नेहमीचाच आहे", पण तू ईसीजी काढच आणि जुन्या ईसीजीशेजारी ठेवून बघ, कारण नेहमीच्या पेशंटलाही अटॅक येतोच की. दर वेळी सीटी स्कॅन मात्र नको, रेडिएशन साठत जातं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आले तरी "तुम्हाला काही झालेलं नाही" असं प्लीज म्हणू नकोस, त्रास खरा असतो गं. पायात जोर नाही म्हणणारा पेशंट आला तर हूवर साइन बघ, म्हणजे नसा शाबूत असूनही पायात जोर येत नाही का हे ओळखायची खूण, झोपवून त्या कमजोर पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा, टाच दाबा म्हटलं तर दाबता येत नाही पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप दाबली जाते. असं झालं तर हे त्यालाही दाखव, ढोंग पकडलं म्हणून नाही, नसा शाबूत आहेत आणि पाय सुधारू शकतो हे पटावं म्हणून.

डिस्चार्जच्या आधी झोप, घरचं टेन्शन विचार. शक्यतो एकाच डॉक्टरकडे ठरलेल्या तारखेचा फॉलोअप लिहून दे, त्रास असो वा नसो.