जर्मन ऑपेरा, इंग्रजी बोल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (पुणे) : वाग्नर ऐकायचा आहे, पण जर्मन येत नाही. मांडीवर पुस्तिका उघडी ठेवून ऐकताना लक्ष सारखे कागदाकडे जाते. इंग्रजीत गायलेले काही चांगले मिळते का? सुरुवात कुठून करावी?

मिळते. पहिले नाव संचालक रेजिनल्ड गुडॉल यांच्या 'रिंग'चे, म्हणजे वाग्नरच्या चार ऑपेरांच्या मालिकेचे. लंडनच्या कोलिझियम थिएटरातल्या प्रयोगांवरून ई.एम.आय.ने हे चारही ऑपेरा १९७३ ते १९७७ या काळात ध्वनिमुद्रित केले. कंपनी सॅडलर्स वेल्स ऑपेरा, जिचे नाव १९७४मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरा झाले. भाषांतर अँड्र्यू पोर्टर यांचे. भूमिका : नॉर्मन बेली देवांचा राजा वोटान, रिटा हंटर त्याची मुलगी ब्रुनहिल्ड, अल्बर्टो रेमेडिओस नायक सीगफ्रीड. पुढे शॅन्डोस या ध्वनिमुद्रण कंपनीने हा संच सीडीवर आणला आणि सोबतच्या पुस्तिकांत इंग्रजी संहिता छापली.

पण सगळ्या १६ सीडी एकदम ऐकायला घेऊ नका. संचालक सोल्टी यांचे जर्मन 'रिंग' १४ सीडींत मावते, यावरून गुडॉल यांची लय किती विलंबित आहे ते समजावे. आधी 'द व्हॅल्किरी'चा फक्त पहिला अंक घ्या. वादळी रात्र, परक्या घरात शिरलेला दमलेला माणूस, घरची बाई आणि थोड्या वेळाने परतणारा तिचा नवरा. तीनच पात्रे आणि सारा भर बोलण्यावर. कोण कुणाला काय विचारतो, उत्तर देताना काय लपवतो, हे त्या क्षणी कळले तरच या अंकात जीव आहे. मग त्याच ऑपेराचा शेवट, वोटानने मुलीचा घेतलेला निरोप. त्यानंतर 'द र्‍हाइनगोल्ड'मधला डेरेक हॅमंड-स्ट्राउड यांचा आल्बेरिक हा खलनायक बुटका ऐका. त्यांची व्यंजने इतकी ठसठशीत आहेत की पुस्तिका मिटूनच ठेवावी.

आमचे मत विचाराल तर निवेदन, भांडण, थट्टा, शाप हे सगळे इंग्रजीत ऐकून घ्यावे. जिथे एकच ओळ लांबवत आळवली जाते तिथे मूळ जर्मनच बरे. वाग्नरच्याच 'ट्रिस्टान'च्या शेवटच्या दृश्यात शब्द कळून फारसा फायदा होत नाही.

प्रश्न (नाशिक) : जुन्या सामानात एच.एम.व्ही.च्या काही ७८च्या तबकड्या निघाल्या. एकीवर 'ओ स्टार ऑफ ईव्ह, टॅनहॉयझर' आणि खाली 'संग इन इंग्लिश' असे आहे. ती किती जुनी, आणि खराब न करता कशी वाजवावी?

पद वाग्नरच्या 'टॅनहॉयझर'मधले, तिसऱ्या अंकात वोल्फ्रामने संध्येच्या ताऱ्याला उद्देशून गायलेले. ब्रिटिश बॅरिटोन (मध्यम पट्टीच्या पुरुष आवाजाच्या) मंडळींचे ते हुकमी पद होते, त्यामुळे इंग्रजी मुद्रणे बरीच आहेत.

वय ठरवायला तबकडी वाजवावी लागत नाही. लेबलाच्या बाहेरचा गुळगुळीत पट्टा तिरप्या उजेडात धरा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ मुद्रणाचा क्रमांक, कोरलेला असतो. क्रमांकानंतर छोटा त्रिकोण दिसला तर मुद्रण मायक्रोफोनने केलेले, म्हणजे १९२५ किंवा नंतरचे. चौकोन दिसला तर १९३१नंतरचे. दोन्ही नसतील तर बहुधा कर्ण्यात गाऊन केलेले, त्याआधीचे. लेबलावरचा अनुक्रमांकही बोलका असतो : बी आणि सी म्हणजे जांभळ्या लेबलाची अनुक्रमे १० आणि १२ इंची तबकडी, डीए आणि डीबी म्हणजे महागडी लाल. इंग्रजीत गायलेली ऑपेरापदे जांभळ्या आणि काळ्या लेबलांवर जास्त सापडतात. लाल लेबलावरचे नामवंत बहुतेक मूळ भाषेत गात. तुमची तबकडी डमडमच्या कारखान्यात छापलेली असली तरी मूळ मुद्रण बाहेरचेच असणार.

आता धुणे. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन यांतले काही लावू नका. ७८ची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. प्लास्टिकच्या एल.पी.ला चालणारा द्रव इथे खाचाच पुसून टाकतो. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब घाला, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडे ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्या. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभी करून वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकेल. ठेवतानाही उभीच ठेवा, कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची दमट हवा कोंडते आणि खाचांत बुरशी धरते.

एल.पी.ची सुई लावू नका. तिचे टोक सुमारे २५ मायक्रॉनचे, ७८च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉन लागतात. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, तिथला सगळा कचरा ऐकवते आणि आवाज मात्र भिंतींवरचा असल्याने तो हुकतो. भार साधारण ३ ते ५ ग्रॅम ठेवा. कार्ट्रिज स्टिरिओ असेल तर डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करा. ७८ची खाच आडवी हलते, त्यामुळे एकत्र करताच सुईच्या खाली-वर होण्याने येणारी खरखर बरीचशी कटते. आवाजात सर्वात मोठा फरक या एका गोष्टीने पडतो आणि नेमकी तीच लोक विसरतात.

अ‍ॅम्प्लिफायरचे फोनो बटण आर.आय.ए.ए. वक्र लावते, म्हणजे एल.पी.साठी ठरलेल्या प्रमाणात खर्ज वाढवते आणि तार उतरवते. तो १९५४नंतरचा. जुन्या तबकडीला तो लावला की गायक घशात कांबळे कोंबून गातोय असे वाटते. संगणकावर घेत असाल तर सपाट, म्हणजे कोणताही वक्र न लावता घ्या आणि दुरुस्ती नंतर करा. त्रिकोणवाल्या तबकडीला सुमारे २५० हर्ट्झखालचा भाग उचलून द्यावा लागतो. कर्ण्याच्या मुद्रणाला तसलेही काही नको.

राहिला वेग. लेबलावर ७८ असले तरी जुनी मुद्रणे ७५ ते ८१च्या दरम्यान कुठेही असू शकतात. इथे घरातली पेटी कामाला येते. 'ओ स्टार ऑफ ईव्ह'चे मुख्य पद जी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी पाच. तबकडीचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधेच कुठे लागत असेल तर वेग जास्त आहे. अर्ध्या सुराला वेगात सुमारे ६ टक्के फरक, म्हणजे मिनिटाला साडेचार फेऱ्यांच्या आसपास. मात्र सूर नेमका पांढरी चारला लागला तर लगेच वेग वाढवू नका. गायकाने पद एक सूर उतरवून घेतले असण्याची शक्यता असते. तेव्हा आवाजाचा कंप ऐका. वेग चुकला असेल तर कंपही अनैसर्गिक घाईचा किंवा सुस्त वाटतो. पट्टी बदलली असेल तर आवाज धडधाकट माणसाचाच राहतो.

प्रश्न (म्हापसा) : ऑनलाइन एकाच पदाची इंग्रजीत चार-चार नावे दिसतात. हवे ते मुद्रण शोधायचे कसे?

कारण जर्मन ओळीच्या शेवटात आहे. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये झारास्त्रोचे पद 'इन डीझेन हाइल्गेन हालेन' असे सुरू होते. 'हालेन'ला दोन सूर, पहिल्यावर आघात, दुसरा हलका. इंग्रजी 'हॉल्स' एकाच सुरात संपतो. मग कुणी 'पोर्टल्स' घातले, कुणी 'बॉवर्स', कुणी 'ड्वेलिंग'. प्रत्येक भाषांतराबरोबर पहिली ओळ बदलली आणि पदाचे नावही. जुन्या भाषांतरांत क्रियापदांचे 'इंग' जिकडेतिकडे का, याचेही उत्तर हेच : शेवटचा हलका सूर फुकटात भरला जातो.

म्हणून इंग्रजी ओळीने शोधू नका. ऑपेराचे नाव, पात्राचे नाव आणि गायकाचे नाव असे तिन्ही टाका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धासाठी पीटर डॉसन, रॉबर्ट रॅडफर्ड, नॉर्मन अ‍ॅलिन, हेडल नॅश, फ्लोरेन्स ऑस्ट्रल ही नावे धरून चला. बेथोव्हनच्या 'फिडेलिओ'तल्या लिओनोरेच्या पदासारखे सात-आठ मिनिटांचे पद असेल तर दोन्ही बाजू मिळाल्याची खात्री करा. १२ इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम साडेचार मिनिटे मावत, आणि संकेतस्थळांवर पुष्कळदा अर्धेच पद चढवलेले असते. १० इंचीवर तीनच मिनिटे. तिथे झारास्त्रोचे दुसरे कडवे सरळ कापलेले आढळेल.

प्रश्न (डोंबिवली) : पाश्चात्त्य गायन शिकते. तेच पद इंग्रजीत ऐकले की वरच्या सुरांना गायिका अडखळल्यासारखी वाटते. दोष गायिकेचा की भाषांतराचा?

पुष्कळदा भाषांतराचा, आणि उरलेल्या वेळी कुणाचाच नाही.

सूर उंच गेला की तोंडातल्या पोकळीचे गणित बिघडते. 'ई' आणि 'ऊ' ओळखू येतात ते सुमारे ३०० हर्ट्झजवळच्या घुमाऱ्यामुळे, 'आ'चा घुमारा ७०० ते १००० हर्ट्झला. गायिकेचा सूरच त्याच्या वर गेला की स्वराची ओळख पुसली जाते. 'मॅजिक फ्लूट'मधल्या रात्रीच्या राणीचा सर्वात वरचा एफ सूर जवळजवळ १४०० हर्ट्झचा आहे. तिथे जर्मन काय, इंग्रजी काय, मराठी काय, ऐकणाऱ्याला सारखेच. जाणता भाषांतरकार अशा जागी बिनमहत्त्वाचा किंवा आधी येऊन गेलेला शब्द टाकतो. राणीच्या दुसऱ्या पदात पहिली तान 'निमरमेर' या शब्दावर आहे. इंग्रजी 'नेव्हरमोअर'ला तीनच सूर, तोच आघात आणि शेवटी उघडा स्वर. इतके नशीब क्वचित लाभते.

इंग्रजीची आणखी एक अडचण जोडस्वरांची. 'डे', 'नाइट', 'गो' यांत स्वर मधेच सरकतो. लांब सुरावर पहिला भाग धरून ठेवून दुसरा अगदी सोडताना लावायचा असतो. गायिका लवकर सरकली की सूर चिमटल्यासारखा होतो, आणि तुम्हाला अडखळणे म्हणून बहुधा हेच ऐकू येते.

पडताळायचे असेल तर दोन भाषांची संहिता असलेले स्वरलेखन घ्या. शर्मरच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये जर्मनखाली रूथ आणि टॉमस मार्टिन यांचे इंग्रजी आहे. 'रिंग'साठी क्लिंडवर्थच्या पियानो-आवृत्तीत फ्रेडरिक जेम्सन यांचे. पेन्सिलने दोनच खुणा करा : एका सुराचे दोन केले आहेत तिथे, आणि दोन सुरांचा एक केला आहे तिथे. मग वाक्याचा श्वास कुठे तुटतो ते पाहा. जर्मनमध्ये क्रियापद पुष्कळदा शेवटी येते, म्हणून वाग्नर-मोझार्ट सुराचा कळसही तिथे ठेवू शकतात. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन गेलेले असते आणि कळसावर एखादे किरकोळ विशेषण उरते. आपल्या नाट्यपदांत शब्द बेतताना एखादी मात्रा ओढता-सोडता येई. इथे मागे मोठा वाद्यवृंद छापील सुरांवर चाललेला असतो, त्यामुळे ती मुभा नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : मुले नऊ आणि बारा वर्षांची. काय ऐकवावे?

'मॅजिक फ्लूट', शॅन्डोसचे, मॅकेरास यांचे संचालन, जेरेमी सॅम्स यांचे भाषांतर. सायमन कीनलीसाइड यांचा पापागेनो हा विनोदी पारधी मुलांना आवडतोच. पाहायचे असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा छोटा इंग्रजी प्रयोग घ्या. ३० डिसेंबर २००६ रोजी चित्रपटगृहांत थेट दाखवलेला त्यांचा पहिला ऑपेरा हाच. हुम्परडिंकचा 'हॅन्सेल अँड ग्रेटेल'ही मॅकेरास यांचाच घ्या. त्याचे १९४७चे मेट्रोपॉलिटनचे मुद्रण तुमच्यासाठी ठेवा, त्यातला जुनाट आवाज मुलांना जड जाईल.

प्रश्न (कोल्हापूर) : जर्मन ऑपेरा इंग्रजीत गाण्याची ही पद्धत मागे का पडली?

आधी ती किती रुजली होती ते पाहा. कार्ल रोझा कंपनीने वाग्नरचे 'फ्लाइंग डचमन' लंडनमध्ये इंग्रजीत केले १८७६ साली. १९०८मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात संचालक हान्स रिश्टर यांनी अख्खे 'रिंग' इंग्रजीत केले. पहिल्या महायुद्धात मेट्रोपॉलिटनने जर्मन ऑपेरा बंद केले आणि १९२०मध्ये परत आणले ते इंग्रजीतच. १९४८मध्ये वाग्नरसाठी जगभर गाजलेली फ्लागस्टाडसारखी गायिका कोव्हेंट गार्डनसाठी 'व्हॅल्किरी' इंग्रजीत नव्याने पाठ करत होती.

मग विमाने आली. आज व्हिएन्ना, उद्या लंडन असे फिरणारा गायक एकच भाषा पाठ करणार. १९८३मध्ये टोरांटोला 'इलेक्ट्रा' या जर्मन ऑपेराच्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकल्या आणि उरलेली गरजही संपली. इंग्लिश नॅशनल ऑपेराने २००५पासून इंग्रजी गाण्यावरच इंग्रजी ओळी दाखवायला सुरुवात केली, यावरून शब्दोच्चाराची काय अवस्था झाली होती ते कळते. नव्या मुद्रणांमागे मुख्य पैसा पीटर मूर्स फाउंडेशनचा होता. ते २०१४मध्ये आवरते घेतले गेले. सेंट लुईसची ऑपेरा कंपनी मात्र अजून सगळे इंग्रजीतच करते.

प्रश्न (नाशिक, वरील वाचकच) : तबकडी संगणकावर घेऊन सर्वांसाठी टाकली तर चालेल का?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. १९३०ची तबकडी त्यातून सुटली. भाषांतराच्या शब्दांचा हक्क वेगळा : भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. जेम्सन १९१६मध्ये वारले, 'मॅजिक फ्लूट'चे एडवर्ड डेंट १९५७मध्ये. दोघांचेही शब्द इथे मोकळे आहेत. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची, म्हणून डेंट यांचे शब्द तिथे २०२७अखेरपर्यंत बांधलेले. अमेरिकेत १९२३ ते १९४६ या काळात प्रकाशित मुद्रणांना १०० वर्षे. तुमच्या तबकडीवर त्रिकोण किंवा चौकोन असेल तर टाकण्याआधी तिचे नेमके प्रकाशनवर्ष शोधा.